फ्रीलान्सचं काम, शनिवारचा गेम, गुरुवारचं वाचन आणि फॅनडमची माणसं : गावात राहून कसं जमवता?

कपाशीतला_कोडर (दर्यापूर तालुका, अमरावती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो, आज लाईट गेली आहे म्हणून मोबाईलवरच टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी माझं सांगतो. पुण्यात नोकरी होती, लॉकडाऊनमध्ये घरी आलो आणि मग इथंच राहिलो. आता फ्रीलान्स बॅकएंडचं काम करतो, म्हणजे वेबसाईटच्या पडद्यामागचं प्रोग्रॅमिंग, दोन क्लायंट अमेरिकेतले आणि एक नागपूरचा. कामाबद्दल तक्रार नाही, घर त्याच्यावर चालतं, बाबांची औषधं त्यातून होतात, आणि ज्या वर्षी कपाशीला भाव पडतो त्या वर्षी तर या पैशाचा फार आधार होतो.

शनिवारी रात्री मी ऑनलाइन डी अँड डी चालवतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, पाचवी एडिशन, आणि खेळ चालवणारा डीएम (डंजन मास्टर) मीच. खेळणारे पाच जण, एक यवतमाळची, एक कोल्हापूरचा, दोघं पुण्याचे आणि एक जर्मनीत शिकायला गेलेला. आमची सगळ्यांची ओळख एका जुन्या विज्ञानकथा मालिकेच्या फॅन सर्व्हरवर, म्हणजे चाहत्यांच्या ऑनलाइन गप्पांच्या गटात झाली, तिथं आम्ही मराठीत फॅनफिक, म्हणजे त्याच पात्रांवरच्या आमच्या कथा लिहायचो, एकमेकांचं तपासून द्यायचो, एखाद्या पात्राने असं का केलं यावर रात्र रात्र वाद घालायचो, आणि त्या वादातूनच पुढे गेम निघाला आणि गेममधल्या वादातून गुरुवारचा वाचनगट. म्हणजे कसं की एका सेशनमध्ये पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांनी, शरण आलेल्या शत्रूला मारावं की नाही यावर इतकं बोलणं झालं की कुणीतरी म्हणालं आता हे नीट वाचूनच बोलू. सध्या ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र चालू आहे, आठवं पुस्तक, मैत्रीवरचं.

आता अडचण. तास मोजले तर पुरतात, खरंच पुरतात. पण सगळं एकाच खुर्चीत बसून, एकाच लॅपटॉपवर, एकाच हेडफोनमधून होतं. शनिवारी खेळाडू नदी ओलांडत असतात, पलीकडे काय आहे ते फक्त मला माहीत असतं, सगळे श्वास धरून बसलेले, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात क्लायंटचा मेसेज येतो की एक छोटंसं काम होतं. मी उत्तर नाही दिलं तरी माझं मन तिकडं गेलेलं असतं आणि माझा आवाज बदलतो, खेळणाऱ्यांना कळतं ते. उलटंही होतं, सोमवारी सकाळी कामाचा कोड लिहिताना डोक्यात पुढच्या सेशनचा खलनायक फिरत असतो. घरी आईला हे सगळं एकच दिसतं, दिवसभर कॉम्प्युटर आणि रात्री पण कॉम्प्युटर, आणि मी फास्यांचा सेट मागवला तेव्हा घरात जुगाराचं सामान कशाला आणलं असं तिनं फार काळजीनं विचारलं.

आणि शेवटचं, जे मला जास्त लागतं. गटातला एक जण सध्या वाईट काळातून जातोय, त्याला रात्री उशिरा बोलायचं असतं. मला त्याच्याशी बोलायचं आहे. पण कधी डेडलाईन असते, कधी पहाटे शेतात मोटर सुरू करायला जायचं असतं. गावात दोस्त आहेत, पारावर बसणं आहे, अडीनडीला धावून येणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मनात काहीच कमी नाही. पण ज्या गोष्टी मी या पाच जणांशी बोलतो त्या मी दुसऱ्या कुणाशीच बोलत नाही. ही माणसं मला गमवायची नाहीत.

तर काम आणि गेम यांची हद्द तुम्ही कशी आखता? डीएमने प्रेप, म्हणजे सेशनची तयारी, किती करावी? आणि ऑनलाइन मित्रांना किती वेळ द्यायचा हे कुणी ठरवून घेतलंय का?


आर्वीचा_ॲडमिन (वर्धा)

भाऊ, तू दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवून राह्यला. क्लायंटचा प्रश्न येगळा, दोस्ताचा येगळा. मी क्लायंटचं बोलतो, सर्व्हर सांभाळायचं काम मी बरीच वर्षं गावातूनच करून राह्यलो.

पहिली गोष्ट म्हणजे तुझ्या शनिवारी रात्री साडेनऊ वाजतात तवा न्यूयॉर्कमध्ये शनिवारचीच दुपार असते. त्यायची पण सुट्टीच असते! म्हणजे तो मेसेज टाकणारा सुद्धा सुट्टीत काम करून राह्यला, आणि त्याले तुझ्याकडून उत्तर येते म्हणून तो टाकते. एकदा करारात लिहून टाक की अर्जंट म्हणजे साईट बंद पडली किंवा पैशाचे व्यवहार अडकले एवढंच, त्यासाठी फोन करायचा आणि त्याचा रेट वेगळा, बाकी सगळं सोमवारी. मी हे लिहिलं तवा मले भेव वाटत होतं की क्लायंट जाईल. कोणी गेलं नाही. उलट एकानं विचारलं की रेट वेगळा म्हणजे किती, आणि आकडा ऐकल्यावर त्याचं अर्जंट काम सोमवारपर्यंत थांबू लागलं.

तुझा खरा घोळ गुरुवारी आहे. गुरुवारी रात्री नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेअकरा, त्यायची ऐन कामाची वेळ, तिथं तू वाचनात बसशील तर मेसेज येणारच आणि त्यात त्यायची काही चूक नाही. वाचनगट रविवारी दुपारी चारला घे. जर्मनीवाल्याले तवा दुपारचे साडेबारा होतात, हिवाळ्यात साडेअकरा. आणि हे घड्याळाचं कायम ध्यानात ठेव, अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येते, युरोपचं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपलं बदलतच नाही. म्हणून न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला पडते आणि हिवाळ्यात साडेआठला, आणि मधल्या दोन-तीन हप्त्यात तर सगळ्यायचं गणित हुकलेलं असते. मी कॅलेंडरमध्ये तिन्ही टाईमझोन लावून ठेवतो.

दुसरं, लॅपटॉपवर दोन युजर बनव. एक कामाचा, एक तुझा. तुझ्यावाल्यात कामाचं ईमेल, चॅट काहीच टाकायचं नाही. शनिवारी कामाचा युजर लॉगआऊट. नोटिफिकेशन बंद करणं आणि ते तिथं नसणंच यात लय फरक पडते, बंद केलेलं आपण मधात उघडून पाहतोच. जमलं तर जागा पण बदल, काम मधल्या खोलीत आणि गेम माडीवर. खुर्ची बदलली की घरच्यायले पण कळते की आता हा कामावर नाही.

पैशाचं थोडं बोलतो कारण हद्द आखायची हिंमत तिथूनच येते. तीन महिन्याचा घरखर्च बाजूले पडला की माणूस नाही म्हणू शकते. आयकर अंदाजी उत्पन्नाच्या पद्धतीनं भरत असशील तर ॲडव्हान्स टॅक्स पंधरा मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येते, ते पैसे आधीच वेगळ्या खात्यात टाकत जा, म्हंजे फेब्रुवारीत घाबरून कमी पैशाचं काम धरायची पाळी येत नाही. बाकी सीएले विचारून घे.

आणि राऊटरले छोटा यूपीएस लाव, बारा व्होल्टचा मिळते. लाईट गेली तरी वायफाय चालू राहते आणि लॅपटॉपची बॅटरी असतेच, अर्धं सेशन तरी निघून जाते.


धानपट्टीची_डीएम (देसाईगंज, गडचिरोली)

कोडर दादा, मी टेस्टिंगचं फ्रीलान्स काम करते आणि दोन गट चालवते, म्हणून प्रेप आणि घर या दोन्हीबद्दल बोलते, जरा लांब होईल.

आधी घरचं. आमच्या भागात झाडीपट्टीची नाटकं असतात, माहीतच असेल. भाऊबीज झाली, धान कापून झाला की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री नाटक, आणि नाटक म्हणजे रात्री उशिरा सुरू होऊन पार पहाटेपर्यंत. आमच्या वडशात, म्हणजे देसाईगंजातच, नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, सीझनमध्ये बोर्डच बोर्ड. गावातली हौशी मंडळंही असतात, दिवसभर बांधीत कंबर मोडेस्तोवर धान कापणारा माणूस रात्री तालमीला जातो आणि त्याला कुणी म्हणत नाही की वेळ वाया घालवतोस. तर मी बाबांना सांगितलं की हे नाटकच आहे, फक्त लिहिलेलं नाही, प्रत्येक जण आपलं पात्र धरून बोलतो आणि पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नसतं. बाबांनी लगेच विचारलं, प्रॉम्प्टर कोण? मी म्हटलं प्रॉम्प्टर नाही. ते खूप वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले मग हे अवघड आहे. त्या दिवसापासून माझ्या सेशनच्या वेळी घरात टीव्हीचा आवाज कमी असतो. मुलगी रात्री अनोळखी पोरांशी काय बोलते हा प्रश्न आमच्याकडे पण होता, मी आईला शेजारी बसवून पूर्ण सेशन ऐकवलं. तुमच्या आईंना एकदा बसवा. समजावून जे होत नाही ते ऐकून होतं.

आणि फास्यांचं म्हणाल तर आईंची काळजी उगीच नाही, आपल्याच मातीतली आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या, कुंडिनपूरची, आणि तिच्या नळाने फास्यांपायी राज्य घालवलं, अंगावरच्या एका वस्त्रानिशी दोघं बाहेर पडले. ही गोष्ट आपल्या आया-आज्ज्या ऐकतच मोठ्या झाल्या. पण त्याच गोष्टीत पुढं काय होतं ते पण सांगा त्यांना. ऋतुपर्ण राजा विदर्भाकडे रथातून येत असताना वाटेत बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसती पाहून मोजून दाखवतो आणि नळाला फास्यांची विद्या देतो, तेव्हा नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. पूर्वी बेहड्याच्या बिया फासे म्हणून वापरत. आमच्या जंगलात बेहडा भरपूर आहे, मी एकदा थोड्या बिया आणून आईच्या हातात दिल्या आणि माझा वीस बाजूंचा फासा पण दिला, आणि सांगितलं की इथं लावायला पैसा नाही, राज्य नाही, फासा पडतो तो फक्त गोष्ट कुठे वळणार हे ठरवायला.

आता प्रेप. तुम्ही नक्कीच जास्त करता, खलनायक सोमवारी डोक्यात फिरतो म्हणजे तुम्ही त्याचा प्लॉट लिहीत बसता. मी प्लॉट लिहीतच नाही. खलनायकाला काय हवंय आणि कुणी अडवलं नाही तर तो पुढच्या आठवड्यात काय करेल एवढं लिहिते, दोन-चार माणसांची नावं आणि प्रत्येकाला कशाची भीती आहे ते, आणि एक जागा जी डोळ्यासमोर नीट उभी राहील. जागा मी आजूबाजूचीच घेते, वैनगंगेचं पात्र, मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बायका, जुनी भातगिरणी. इंग्रजी किल्ल्यांचे नकाशे शोधत बसायचा वेळ वाचतो आणि खेळणारे जास्त रंगतात. शत्रूंचे आकडे जसेच्या तसे पाचव्या एडिशनच्या एसआरडीमधून, म्हणजे मूळ नियमांच्या संचातून उचलते, जानेवारी २०२३ मध्ये ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं झालं तेव्हापासून मी त्याचा कामापुरता मराठी अनुवादही करते, श्रेय दिलं की चालतं. आमच्या वाचनालयातली पोरं त्याच्यावरच खेळतात.

सीझनप्रमाणे गेमचा प्रकार बदला हे माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे रोवणी असते, माणूस चिखलातून येतो तो सरळ झोपतो, तेव्हा मी आवाजाचं सेशन ठेवतच नाही. तेव्हा लेखी खेळतो, प्रत्येकाने दोन दिवसांत एक परिच्छेद टाकायचा, कधी शेतातून आल्यावर तर कधी बसमध्ये. गट थांबत नाही आणि कुणाला अपराधी पण वाटत नाही. दुसऱ्या गटात आम्ही वेस्ट मार्चेस पद्धतीने खेळतो, ठरलेला वार नाही, खेळणारेच जमतात आणि डीएमला सांगतात की आम्ही तिघं अमुक दिवशी अमुक जंगलात जाणार, रात्र संपायच्या आत पार्टीने गावात परत यायचं एवढाच नियम. त्यात सगळं ओझं डीएमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. तुमची यवतमाळवाली पण मधून मधून डीएम होऊ शकते ना? विचारा तिला. पुष्कळांना इच्छा असते, कुणी विचारत नाही म्हणून गप्प असतात.

तुमच्या त्या मित्राबद्दल. त्याला सांगा की मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दहाला मी तुझ्यासाठी आहे, आणि त्या वेळी खरंच असा. वाईट काळातल्या माणसाला कधी तरी मिळणाऱ्या तीन तासांपेक्षा नक्की मिळणारा अर्धा तास धरून ठेवता येतो. आणि तुम्ही एकट्याने हे पेलू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याच्यासोबत लाईनवर राहून लावा.


एकच_सर्व्हर (मेहकर, बुलडाणा)

वरच्यांचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मला वाटतं हे सगळं जमवायचं कसं या प्रश्नाच्या आधी यातलं काही सोडायचं का हा प्रश्न आहे. मी स्वतः साप्ताहिक गेम सोडला. घरी सोयाबीन, वडील थकलेले, मी एकुलता, आणि फ्रीलान्समध्ये बिलिंगचे तास म्हणजेच पगार. डीएमचं काम म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही, पाच जणांचे मूड सांभाळायचे, कुणी बोललं नाही तर त्याला बोलतं करायचं, तारीख जुळवायची, भांडण मिटवायचं. माझ्यासाठी ती दुसरी नोकरी झाली होती. आणि फॅनडम म्हणाल तर तिथं पात्रांच्या जोड्यांवरून माणसं एकमेकांची तोंडं पाहिनाशी होतात, तीन-तीन सर्व्हरवर तेच तेच वाद, आणि तो नावाजवळचा हिरवा ठिपका दिसला की आपण मोकळे आहोत असं सगळे धरून चालतात. मी दोन सर्व्हर सोडले, एकच ठेवला, ठिपका कायमचा लपवला. आता महिन्यातून एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा गेम खेळतो, अमावस्येला, कारण आमच्याकडे अमावस्येला शेतीचं काम बंद असतं, बैलांना सुट्टी तशी मला पण.

एकट्याने खेळायचे नियम पण आहेत. आयर्नस्वॉर्न बघा, फुकट मिळतं, डीएम लागतच नाही. रात्री जागलीला शेतात असलो की वही आणि फासे घेऊन खेळतो. वाचन पण मी एकट्यानेच करतो.

तुम्ही थकलेले वाटता, म्हणून लिहिलं. दोन महिने डीएमची सुट्टी घ्या. खरे मित्र असतील तर थांबतील.


धानपट्टीची_डीएम

मेहकरचे दादा, सुट्टीचं पटलं, ठिपक्याचं तर शंभर टक्के पटलं. पण खरे असतील तर थांबतील हे मला पटत नाही. थांबून राहणं ही काही मैत्रीची परीक्षा नाही, आणि त्यातला एक जण आत्ता अडचणीत आहे, त्याला दोन महिने थांब म्हणणं बरोबर होणार नाही. डीएमकी सोडा पण शनिवारची वेळ सोडू नका, त्या वेळी नुसते जमा, दुसरा कुणी चालवेल किंवा कुणी काही वाचून दाखवेल.


रिद्धपूरचा_वाचक (मोर्शी तालुका, अमरावती)

मी गेम खेळत नाही, मुलगी खेळते, तिने हा धागा पाठवला. तत्त्वज्ञान कॉलेजात शिकवलं आहे म्हणून तुमच्या गुरुवारच्या पुस्तकाबद्दल बोलतो.

आठव्या पुस्तकात तीन प्रकारच्या मैत्री येतात, उपयोगाची, आनंदाची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली, हे तुमचं वाचून झालं असेलच. बहुतेक वाचनगट तिथंच अडकतात आणि आपली मैत्री कोणत्या खणात बसते यावर वाद घालतात. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पुढं आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की अंतरामुळे मैत्री तुटत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो, पण फार काळ थांबला तर माणसं मैत्री विसरतात. म्हणजे मेहकरच्या मित्रांचं आणि वडशाच्या ताईंचं दोघांचंही त्यात आलेलं आहे, मुद्दा किती काळ एवढाच उरतो. दुसरं, एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत ही म्हण तो देतो. आपल्याकडे मीठ खाल्लं की इमान येतं, त्याच्याकडे मीठ खाल्लं की ओळख होते, आणि त्याला वेळ लागतो. आणि अशी मैत्री पुष्कळांशी होऊ शकत नाही हेही तो स्पष्ट सांगतो. तेव्हा फॅन सर्व्हरवरच्या शेकडो लोकांना किती वेळ द्यायचा आणि या पाच जणांना किती, हा एकच प्रश्न समजू नका. शेकडो लोकांच्या बाबतीत हिशेब करायला काहीच हरकत नाही.

नवव्या पुस्तकाच्या अगदी शेवटी जा. तिथं तो म्हणतो की माणसाला जगण्यात जे सगळ्यात प्रिय असतं त्यातच त्याला मित्रांबरोबर दिवस घालवायचे असतात, म्हणून कुणी एकत्र मद्य पितात, कुणी एकत्र फासे खेळतात, कुणी व्यायाम आणि शिकार करतात, कुणी एकत्र तत्त्वज्ञानाचा अभ्यास करतात. फासे आणि तत्त्वज्ञान एकाच वाक्यात आहेत बघा. तुमच्या गटात तर दोन्ही आहे. तो पुढं असंही सांगतो की मित्र ज्यात दिवस घालवतात तसे ते होत जातात, चांगले असतील तर एकमेकांना सुधारत जातात. शरण आलेल्या शत्रूला मारावं का यावर जो गट थांबून विचार करतो आणि मग पुस्तक उघडतो, त्या गटाबद्दल मला काळजी वाटत नाही.

एक सूचना माझ्या गावाकडून. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यानंतर इथं रिद्धपूरला म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या, परंपरेने साल १२७८ धरतात. त्यांनी घरी बसून चरित्र लिहिलं नाही, ज्याने जे पाहिलं ऐकलं त्याला जाऊन विचारलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं, आणि एकाच प्रसंगाबद्दल दोघांचं वेगळं असेल तर तेही नोंदवून ठेवलं. लीळाचरित्र असं उभं राहिलं. तुमच्या गटाची नोंद अशी ठेवा. प्रत्येक सेशननंतर एकाने चार ओळी लिहायच्या, पाळीपाळीने, आणि दुसऱ्याला वेगळं आठवत असेल तर त्याने खाली आपलं लिहायचं, आधीचं पुसायचं नाही. मुलीच्या गटाला मी हे सांगितलं आणि ते करतात. जो सेशनला येऊ शकत नाही तो वाचून गटात राहतो, आणि डीएमला आठवण ठेवायचं ओझं राहत नाही.


कपाशीतला_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काय काय केलं ते सांगतो. आर्वीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे दोन युजर बनवले आणि तिन्ही क्लायंटना उपलब्धतेचे तास लिहून पाठवले, नागपूरच्यांनी लगेच हो म्हटलं, अमेरिकेतल्या एकाने तर शनिवारच्या मेसेजबद्दल स्वतःहून दिलगिरी कळवली, दुसऱ्याचं उत्तर यायचंय. वाचनगट रविवारी चारला सर्वांना चालतोय. यवतमाळवालीला विचारलं तर ती म्हणाली मी वर्षभरापासून एक गोष्ट तयार ठेवली आहे, टिपेश्वरच्या जंगलातली, तुम्ही कधी विचाराल याची वाट बघत होते. पुढचे काही शनिवार ती चालवणार आणि मी कितीतरी दिवसांनी खेळाडू म्हणून बसणार, मी एक म्हातारा नावाडी बनवतोय.

मित्राशी मंगळवार-शुक्रवार ठरलं. तो म्हणाला वेळ ठरल्यामुळे मला आता मेसेज करू की नको असा विचार करत बसावं लागत नाही. हेल्पलाईनचा फोन आम्ही दोघांनी मिळून लावला.

मेहकरच्या दादांचं एक मी मानणार नाही. गेम बंद करणार नाही. मी ते पूर्ण विचार करून सांगतोय, थकवा मला गेमचा नव्हताच, एका वेळी दोन ठिकाणी असण्याचा होता, आणि शनिवारी मला तीन-चार तास एकाच ठिकाणी पूर्ण राहता आलं तर उरलेला आठवडा काम चांगलं होतं. पण बाकीचे सर्व्हर म्यूट केले आणि ठिपकाही लपवला, त्याबद्दल तुमचे आभार. आणि जागलीला खेळायची कल्पना फार आवडली, हरभऱ्याच्या वेळी करून बघणार.

आई अजून सेशनला बसली नाही. पण नळाची गोष्ट तिला माझ्यापेक्षा जास्त येते, तिनेच मला पुष्कराचा, म्हणजे ज्याने फास्यांत नळाचं राज्य जिंकलं त्याचा, भाग दुरुस्त करून सांगितला.

एक विचारायचं राहिलं, कूलरचं काय करता? मार्चनंतर माडीवर कूलरशिवाय बसता येत नाही आणि माईकमध्ये नुसतं पंख्याचं घरघर ऐकू येतं.


आर्वीचा_ॲडमिन

पुश टू टॉक लाव, बोलायचं तवाच बटन दाब. माईक तोंडाजवळचा घे, टेबलावरचा नको, आणि कूलर पाठीमागं न ठेवता बाजूले ठेव म्हंजे हवा माईकवर येत नाही. डिस्कॉर्डमध्ये आवाज गाळायची सोय आहे ती पण चालू कर. तरीबी मे महिन्यात माडीवर होत नाही भाऊ, रात्री अंगणात खाट टाक आणि तिथून खेळ, राऊटरची रेंज पोचते का ते पहिले पाहून घे.


एकच_सर्व्हर

गेम चालू ठेवताय तर ठेवा, तुमचं कारण पटलं मला. टिपेश्वरवाल्या गोष्टीत एखादी जागा रिकामी असेल आणि अमावस्या शनिवारी आली तर मला सांगा, पाहुणा म्हणून येतो.


कपाशीतला_कोडर

नक्की या. तिलाही विचारलं, ती म्हणते वाटेत भेटणारा एखादा गुराखी लागणारच आहे. पात्राचं नाव आणि त्याला कशाची भीती वाटते एवढं लिहून पाठवा, आकडे मी बसवतो.